मामांची तक्रारवही आणि चोवीस मॅक

मॅक कॉम्प्युटरांसाठी तयार केलेल्या सॉफ्टवेअरच्या पोटात मी 'श्री' लिहिलेली एक फाईल ठेवली, आणि ते सॉफ्टवेअर चोवीस कॉम्प्युटरांवर उघडेना. चूक एवढीच. ती शोधायला मला तीन दिवस लागले असं मी बाहेर सांगतो, पण तेही खरं नाही, कारण ती मी शोधलीच नाही. त्या तीन दिवसांत मी इंटरनेटला, कॉम्प्युटरांना, कॉम्प्युटर बनवणाऱ्यांना आणि एका सज्जन बाईंना दोष देऊन मोकळा झालो होतो. चूक शोधली आमच्या मामांनी. त्यांनी तोवर आयुष्यात मॅक बघितलेला नव्हता, आणि चूकही त्यांनी मॅक न बघताच शोधली.

मामा आमच्यापैकी कुणाचेच मामा नव्हते. कोल्हापुरात वयानं मोठा, नात्यानं कुणीच नाही आणि ज्याला नावानं हाक मारायची छाती होत नाही, असा माणूस आपोआप मामा होतो. मंगळवार पेठेत एका सायकलच्या दुकानावर आमची सात माणसांची सॉफ्टवेअर कंपनी. जिना इतका अरुंद, की वर येणारा आणि खाली जाणारा यांच्यात एकाला माघार घ्यावी लागे. मामांनी कधी माघार घेतल्याचं कुणाला आठवत नाही. ते आमच्याकडं सपोर्ट बघायचे. म्हणजे गिऱ्हाइकाचं काही अडलं की पहिला फोन त्यांनी घ्यायचा.

त्याआधी त्यांनी टेलिफोन खात्यात उभा जन्म नोकरी केली होती, तीही तक्रारी लिहून घ्यायच्या टेबलावर. लोक शेजारच्या घरातनं फोन करून सांगत, आमचा फोन मेलाय. मामा ऐकत, विचारत, लिहीत. बघायला लाइनमन जायचा. त्यामुळं सगळ्या नोकरीत मामांनी बिघडलेला फोन डोळ्यांनी कधी बघितला नव्हता, पण घंटी अर्धवट वाजतेय की वाजतच नाही, बोलताना खरखर आहे की दुसऱ्याचं बोलणं ऐकू येतंय, एवढ्यावरनं वायर कुठं भिजली असेल ते ते सांगत. निवृत्त झाल्यावर आमच्या मालकांनी त्यांना नुसता फोन उचलायला ठेवलं. महिन्याभरात सगळ्यांच्या लक्षात आलं, की मामांनी फोन ठेवला की पुढं आम्हाला करण्यासारखं फारसं उरत नाही. काहींना याचा आनंद झाला. मला झाला नाही. मी कॉम्प्युटर शिकलेला होतो.

आमच्या धंद्यात आता सगळं लांबनं चालतं. नागपूरच्या माणसानं परवानगी दिली की मंगळवार पेठेत बसून त्याच्या कॉम्प्युटरवरचा बाण आपण फिरवायचा, त्याच्या फायली उघडायच्या, काय बिघडलंय ते बघायचं. मामांना हा प्रकार मान्य नव्हता. "दुसऱ्याच्या घरात शिरून भांडी वाजवायची, आन् घरमालकानं दारात उभं राहून बघायचं, ही कुठली रीत?" असं ते म्हणत. आम्ही कुणी असा बाण फिरवायला लागलो की मामा खुर्ची उलटी फिरवून भिंतीकडं तोंड करून बसत आणि गिऱ्हाइकाला फोनवर सांगत, "आमचं पोरगं काय करतंय ते बघू नका. तुम्हाला काय दिसतंय ते मला वाचून दाखवा. पयल्या अक्षरापास्नं."

वाचून दाखवा, ही त्यांची एकच मागणी. लोक काही वाचत नाहीत. समोर चार ओळींचा निरोप आलेला असतो आणि लोक म्हणतात, काहीतरी एरर आलाय. मामा विचारत, "'काहीतरी' असं लिवलंय व्हय तिथं?" मुंबईच्या एका मोठ्या ऑफिसातल्या मॅनेजर बाई भडकल्या होत्या या प्रश्नावर. मामांनी त्यांना सांगितलं, "ताई, आधी घोटभर पाणी प्या. मी फोन धरून बसतो." बाई खरंच पाणी प्यायल्या. मामांना ते ऐकू आलं. मग म्हणाले, "आता वाचा."

त्यांचं एक वाक्य आम्ही ऑफिसात भिंतीवर लावायचं ठरवलं होतं, पण मामांनी लावू दिलं नाही, कारण भिंतीवर लावलेलं कुणी वाचत नाही. ते वाक्य असं: "'चालत न्हाय' ही तक्रार न्हवं, त्यो वैताग हाय. वैताग ऐकून घ्यायचा. लिवून घ्यायची ती तक्रार."

आणि ते लिहून घेत. लाल कापडी पुठ्ठ्याची लांब वही. पानावर तीन रकाने: काय दिसलं, काय वाचलं, आणि त्याआधी काय केलं. तिसरा रकाना पहिल्या दोन्हींपेक्षा रुंद. मी नोकरीला लागल्यावर मोठ्या हौसेनं तक्रारी नोंदवायचं एक सॉफ्टवेअर लिहिलं आणि मामांना दाखवायला गेलो. त्यांनी भडंगाची मूठ तोंडात टाकत विचारलं, ह्या डब्यात किती अक्षरं मावतात. मी म्हटलं, दोनशे. "माणसाचं रडगाणं दोनशे अक्षरांत बसतंय व्हय?" एवढं बोलून त्यांनी भडंगाची पुडी माझ्या कीबोर्डपासून लांब सरकवली. आपल्या टेबलापाशी ते बिनधास्त खात, कारण त्यांच्यापुढं कीबोर्ड नव्हताच. आता मामा काम सोडून निपाणीला मुलीकडं असतात. वही माझ्या टेबलात आहे, अजून तिच्यातनं भडंगातली शेव पडते.

कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीतल्या एका कारखान्याचे अकाउंटंट आठवड्यातनं एकदा तरी फोन करत. सॉफ्टवेअर उघडत नाही, तुमच्या कंपनीला कोर्टात खेचतो, वगैरे. एकदा ते असेच पाच मिनिटं मामांवर तोंड सोडत होते. मामा ऐकत होते. मधेच मामांनी विचारलं, "पावणं, तुमच्या कारखान्यात कुकर कोण लावतंय?" कोर्टाचं वाक्य अर्धंच राहिलं. "तिसरी शिट्टी झाली म्हणून विचारलं." ते गृहस्थ त्या दिवशी घरातनं बोलत होते, घरच्या कॉम्प्युटरसमोर बसून. सॉफ्टवेअर कारखान्यात बसवलेलं. मामांनी वहीत लिहिलं, 'तीन शिट्ट्या.' मी ते पान अजून नव्या मुलांना दाखवतो.

त्यांची आणखी एक तऱ्हा होती, आणि पुढं तिच्याशी माझीही गाठ पडली. समोर बसलेल्या माणसाची तक्रार ते समोरासमोर घेत नसत. आमच्यातल्या कुणाचं अडलं, तर ते उठत, आपला साधा बटणांचा मोबाईल घेत, जिना उतरून खाली सायकलच्या दुकानाच्या फळीवर बसत आणि तिथनं त्याला फोन लावत. पहिल्यांदा मला वाटलं, म्हातारा सरकलाय. मग त्यांनीच सांगितलं, "तोंड बघितलं की मी ऐकायचं सोडतो. तोंड शानं दिसतंय म्हणून मानूस शाना वाटाय लागतो."

आता मॅकचं सांगतो. आमचं सगळं काम साध्या कॉम्प्युटरांवरचं. पन्हाळ्याच्या वाटेवर एक कला महाविद्यालय आहे. तिथल्या एका बाईंनी जुन्या विद्यार्थ्यांचे उंबरे झिजवून चोवीस मॅक मिळवले होते. मुलांनी काढलेली चित्रं आणि डिझाइनं जमा करून घ्यायची, त्यावर शिक्षकांनी शेरे लिहायचे, असं एक सॉफ्टवेअर त्यांना हवं होतं. ते काम मला मिळालं आणि त्यासाठी मालकांनी मला एक मॅक घेऊन दिला. त्या दिवसापासून माझी चाल बदलली. मी मॅकवर कुणाला बोट ठेवू देत नव्हतो. संध्याकाळी जाताना बायकोची जुनी ओढणी त्यावर घालून जात होतो. मामांनी भिंतीकडं तोंड ठेवूनच एकदा विचारलं, त्यात मराठी टाइप होतं का. हो म्हटल्यावर त्यांचं कुतूहल संपलं.

'श्री'चं कारण जुनं आहे. माझं पहिलंच सॉफ्टवेअर गिऱ्हाइकासमोर बंद पडलं होतं, दोनदा. तिसऱ्या वेळेला मी त्या फोल्डरमध्ये एक छोटी फाईल ठेवली, आत फक्त 'श्री' लिहिलं, आणि सॉफ्टवेअर चाललं. त्यानंतर मी एकही सॉफ्टवेअर श्रीशिवाय बाहेर पाठवलेलं नाही. हे कुणाला सांगितलं नव्हतं. कॉम्प्युटर शिकलेल्या माणसानं असलं सांगायचं नसतं. साध्या कॉम्प्युटरवर त्यानं काही बिघडतही नाही. फोल्डरमध्ये एक फाईल जास्त, कोण विचारतोय?

मॅकचं तसं नसतं. वरनं सॉफ्टवेअरचं एकच चित्र दिसतं, पण आत उघडून बघितलं तर तोही एक फोल्डरच असतो. मी उघडून बघितलं, सापडलं म्हणून खूश झालो, आणि श्री आत ठेवलं. मला माहीत असायला हवं होतं ते असं, की तयार सॉफ्टवेअरवर कंपनीची एक डिजिटल सही बसते, डब्याला सील लावल्यासारखी. सीलनंतर आत तीळभर जरी काही घातलं तर सील फुटतं. मग बाहेरनं उतरवून घेतलेलं ते सॉफ्टवेअर पहिल्यांदा उघडताना मॅक सील तपासतो आणि सांगतो, ही वस्तू खराब झालेली आहे, उघडता येत नाही, कचऱ्यात टाका. माझ्या मॅकवर ते व्यवस्थित उघडत होतं. कारण त्यानं श्री ठेवायच्या आधीच एकदा तपासून घेतलं होतं, आणि आता ओळखीच्या माणसाला दारात कोण अडवतो?

सोमवारी मी बाईंना लिंक पाठवली. तासाभरात त्यांचा फोन आला. सर, तो म्हणतोय खराब झालंय, कचऱ्यात टाका. मी म्हटलं, मग टाका आणि परत उतरवून घ्या. त्यांनी चोवीस मशीनवर टाकलं आणि चोवीस मशीनवर परत उतरवलं. मंगळवारी मी नेट हळू असल्याचं कारण दिलं, मग लांबनं त्यांच्या मॅकमध्ये शिरून सुरक्षेच्या सगळ्या खुणा उलटसुलट करून बघितल्या. बाई तिकडं आपल्या पडद्यापुढं बसून, फोन कानाला लावून बघत होत्या. मधेच म्हणाल्या, सर, पण तो 'खराब झालंय' असंच का म्हणतोय? मी म्हटलं, मॅडम, त्याच्या भाषेकडं लक्ष देऊ नका.

बुधवारी संध्याकाळी मी मेल लिहिला. आपल्याकडील मशीन जुनी असल्याने ती नव्या सॉफ्टवेअरशी सुसंगत नसावीत, असं वजनदार वाक्य टाकलं. आणि आणखी वजन यावं म्हणून तो मेल संस्थेच्या चेअरमननाही पाठवला.

रोज संध्याकाळी मामा मला विचारत, तुझं कुठं काय अडलंय का? मी सांगे, काही नाही मामा, नेटचा प्रॉब्लेम आहे. मॅक हा माझा प्रांत होता.

गुरुवारी दुपारी मी जेवायला गेलो असताना बाईंनी ऑफिसच्या फोनवर फोन केला आणि तो मामांनी घेतला. मी परत आलो तेव्हा मामा भिंतीकडं तोंड करून बसले होते आणि वहीचं पान भरलं होतं. पाऊण तास झाला असावा. मामांनी फोन ठेवला आणि बाईंनी सांगितलेलं मला वहीतनं वाचून दाखवलं.

चेअरमनना ते मॅक पहिल्यापासून नको होते. बिघडले तर दुरुस्त कोण करणार, त्यापेक्षा ते विकून साधे कॉम्प्युटर आणू, असं ते दोन वर्षं म्हणत होते, आणि बाई दोन वर्षं आडव्या येत होत्या. बुधवारी रात्री माझा मेल त्यांना मिळाला. सकाळी त्यांनी तो छापून बाईंच्या टेबलावर ठेवला आणि सांगितलं, कंपनीच म्हणतीय मशीन जुनी झालीत. उद्या शुक्रवारी अकरा वाजता मी येतो. माझ्यासमोर उघडलं तर राहू द्यात, नाहीतर सोमवारी गाडी लावून सगळी विकतो. बाई वाद कशावर घालणार, कागद माझा होता.

"रडल्या का त्या?" मी विचारलं.

"न्हाय," मामा म्हणाले. "पाठ म्हणून दाखवला त्यांनी निरोप. न अडखळता. चोवीस वेळा वाचल्यावर पाठच व्हनार की."

मग ते उठले. मोबाईल घेतला, वही काखेत मारली आणि जिना उतरून गेले. मिनिटाभरानं माझ्या टेबलावरचा फोन वाजला.

"तक्रार विभाग. बोला पावणं."

"मामा, खरंच आत्ता याला वेळ नाही."

"वेळ न्हाय. लिवलं. पुढं?"

"सॉफ्टवेअर उघडत नाही."

"त्यो वैताग झाला. सोमवारी सकाळी उठल्यापास्नं सांगा. गाळू नका काय."

मला राग आला होता, म्हणून मी खरंच काही गाळलं नाही. उठलो, दात घासले, पोह्यांत मीठ जास्त होतं, बायकोला बोललो, ती उलट बोलली. हे सगळं ते लिहून घेत होते. खाली कागदावर पेन ओढल्याचा आवाज येत होता. मग ऑफिसात आलो, सॉफ्टवेअर तयार केलं, त्यावर कंपनीची सही चढवली, माझ्या मॅकवर उघडून बघितलं, चाललं. मग झिप केलं, म्हणजे सगळं एका गठ्ठ्यात बांधलं, आणि लिंक पाठवली.

"सही, मग चालवून बघितलं, मग झिप. मधी काय केलं?"

"मधे काही नाही."

"च्या?"

"चहा घेतला."

"झिप च्याच्या आधी का नंतर?"

"नंतर. आधी श्री ठेवलं, मग चहा, मग झिप."

पेन थांबलं. खाली दुकानात कुणीतरी सायकलची घंटी वाजवून बघत होतं, ती मला फोनमधनंही ऐकू आली आणि खिडकीतनंही.

"श्री कुठं ठेवलं?"

"आत."

"कशाच्या आत?"

"सॉफ्टवेअरच्या."

"आन् सही कवा केल्ती?"

"आधी," मी म्हटलं, आणि ते माझं मलाच ऐकू आलं.

"पावणं," मामा म्हणाले, "सही-शिक्का झालेल्या खरेदीपत्रात मागनं कुणी एक ओळ घातली, तर त्या कागदाला काय म्हनत्यात?"

मी फोल्डर उघडून बघितला. श्री आतच होतं.

"तुमचं मशीन त्येच म्हनतंय. बाईनी तुमाला सोमवारीच वाचून दाखवलंय."

तीन दिवस माझ्या हे का लक्षात आलं नाही, असं मला नंतर पुष्कळांनी विचारलं. कारण साधं आहे. मामांनी विचारलं तेव्हा 'मधे काही नाही' असं मी म्हटलं, ते मी खोटं बोललो नव्हतो. श्री ठेवणं म्हणजे काही करणं असतं, हे माझ्या कधी मनातच आलं नव्हतं.

फाईल बाहेर काढली, नव्यानं सही केली, नवी लिंक बाईंना मेलनं पाठवली. हे सगळं व्हायला चहा थंड होण्याइतकाही वेळ लागला नाही. पण सोमवारपासूनचं सगळं सांगून होईपर्यंतच कॉलेज बंद झालं होतं, बाईंचा फोन लागत नव्हता, आणि तपासून बघायला माझ्याकडं फक्त माझा मॅक. तो तर फुटलेलंही आनंदानं उघडत होता. मी मामांना दाखवलं, बघा, उघडलं. मामांनी मान वळवली नाही. "ह्याची साक्ष धरायची न्हाय. घरचा साक्षीदार हाय."

मग पत्र. मामा म्हणाले, मेल ज्यांना गेला त्यांच्या हातात आता चुकीची कबुली गेली पाहिजे. मी लिहायला बसलो. 'काही तांत्रिक कारणांमुळे उद्भवलेल्या अडचणीबाबत.' मामांनी मला ते वाचून दाखवायला लावलं आणि विचारलं, "तांत्रिक कारण कोण? त्येचं आडनाव काय?" मी लिहिलं, 'आमच्याकडून अनवधानाने.' मामा म्हणाले, "'आमच्या'त मी येतो व्हय? मी काय केलंय?" चौथ्या खेपेला पत्रात 'मी' आलं. मशीन चांगली आहेत, सॉफ्टवेअरवर सही झाल्यावर मी त्यात एक जादा फाईल ठेवली, म्हणून ते उघडेना, बुधवारचा माझा मेल चुकीचा आहे. खाली सही. मला ते मेलनं पाठवायचं होतं. मामांनी पत्राची घडी करून माझ्या खिशात घातली. "मेलनं घाण केलीस. आता पायानं निस्तर."

शुक्रवारी सकाळी आम्ही एसटीनं निघालो. अर्ध्या तासाचा रस्ता. एवढ्या जवळच्या कॉलेजात मी तीन दिवस लांबनं बाण फिरवत होतो, याबद्दल मामा काही बोलतील म्हणून मी वाट बघत होतो. ते तिकिटाचे सुटे पैसे मोजत बसले. उसाच्या ट्रॉल्यांमागं गाडी रखडली तेव्हा मात्र त्यांनी विचारलं, श्रीचं काय आहे ते. मी पहिल्यांदाच कुणाला तरी सगळं सांगितलं. मला वाटलं, हसतील. ते म्हणाले, "मी बी लिवायचो रोज. पानाच्या वर. मग खाली तक्रारी." थोड्या वेळानं पुन्हा म्हणाले, "पण वर. लोकांच्या तक्रारीच्या मधी न्हाय."

प्रयोगशाळेत चोवीस मॅक ओळीनं, प्रत्येकापुढं एक विद्यार्थी. बाई आमच्याकडं बघून हसल्या नाहीत, बसा म्हणाल्या. पांढऱ्या केसांच्या, बोटांना रंग लागलेल्या. त्यांनी नवी लिंक उघडून सगळ्या मशीनवर सॉफ्टवेअर उतरवून ठेवलं होतं, पण उघडलं एकावरही नव्हतं. चेअरमन येईपर्यंत उघडायची छाती झाली नसावी. मामांनी आयुष्यात पहिल्यांदा मॅक बघितला, साधारण दोन सेकंद. मग खिडकीपाशी जाऊन बाहेर तोंड करून उभे राहिले.

चेअरमन बरोबर अकराला आले. कागलकडं त्यांची लोखंड ओतायची फाउंड्री आहे, आवाज भट्टीशेजारी बोलून कमावलेला. मी पत्र दिलं. मला वाटलं, मनात वाचतील. त्यांनी ते उभ्यानं, मोठ्यानं, सगळ्या वर्गाला ऐकू जाईल असं वाचलं. 'जादा फाईल' पाशी थांबले.

"कसली फाईल?"

"श्री लिहिलेली."

"कशाला?"

याचं उत्तर मी पत्रात लिहिलं नव्हतं. चोवीस मुलं माझ्याकडं बघत होती. मी म्हटलं, सवय आहे. ते 'हं' म्हणाले आणि बाईंना म्हणाले, "उघडा बघू."

बाईंनी पहिल्या मशीनवर दोनदा टिचकी मारली. क्षणभर काही झालं नाही, आणि मग पडद्यावर मधोमध एक चौकट आली. सोमवारच्या चौकटीचीच जागा, तेवढाच आकार.  बाईंचा हात उंदरावरनं बाजूला झाला. 

खिडकीकडनं मामांचा आवाज आला, "काय म्हनतंय? वाचा, बाई."

बाईंनी वाचलं. हे इंटरनेटवरनं उतरवून घेतलेलं आहे. तपासलं, काही वावगं सापडलं नाही. उघडायचं आहे का?

"मग व्हय म्हना की त्येला."

बाईंनी 'व्हय' म्हटलं. आणि उघडलं. मग दुसरं, मग एकदम पाचसहा, मग सगळ्या ओळीत खुर्च्या सरकल्या, मुलं एकमेकांच्या पडद्यात डोकावायला लागली, कुणीतरी आपलं चित्र आत टाकून दिसतंय म्हणून ओरडलं. मामांनी मान न वळवता वही उघडली आणि काहीतरी लिहिलं. बाई खुर्चीत बसल्या. सोमवारपासून पहिल्यांदाच निवांत बसल्यासारख्या. ओढणीच्या टोकानं त्यांनी चष्मा पुसला, घातला, परत काढून परत पुसला.

चेअरमन एका मॅकपुढं जाऊन उभे राहिले. त्यांनी मला विचारलं, म्हणजे सील फुटलंय हे ह्याला कळलं होतं? मी म्हटलं, हो. चोवीसच्या चोवीसांना? हो. आणि सोमवारपासून सांगत होते? हो. त्यांनी त्या मॅकच्या डोक्यावर हात ठेवला, बैलाच्या वशिंडावर ठेवतात तसा.

"आमच्या फाउंड्रीत सील फुटलेला माल आला की आम्ही बी गेटवरनं परत धाडतो," ते बाईंना म्हणाले. "मशिनी ऱ्हाऊंद्यात. अक्कल हाय त्यांना. ह्या कंपनीकडनं ह्यो पोरगा तेवढा बदलून मागा."